जकातघराची किल्ली

१९०५ च्या एप्रिलमध्ये डॉमिनिकन रिपब्लिकच्या बंदरांवर वरकरणी काहीच बदललं नाही. साखरेची पोती जहाजांवर चढत राहिली, कापड आणि पीठ उतरत राहिलं, जकातघरावर देशाचा झेंडाही तसाच फडकत राहिला. बदललं ते एवढंच, की गोळा झालेल्या जकातीचा पैसा आता अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने सुचवलेल्या अधिकाऱ्याच्या हातात जाऊ लागला.

अमेरिकेच्या परदेशी विस्ताराची गोष्ट बहुधा नकाशावरून सांगितली जाते. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध झालं आणि प्युर्तो रिको, ग्वाम, फिलिपिन्स हाती आले. त्याच वर्षी हवाई बेटं जोडून घेतली. १९०३ मध्ये पनामा कालव्याचा पट्टा आला. या यादीत डॉमिनिकन रिपब्लिक नाही, हैती नाही, निकाराग्वाही नाही. हे देश कागदोपत्री कायम स्वतंत्र होते. त्यांचे राष्ट्राध्यक्ष होते, संसद होती, परदेशांत वकील होते. तरीही त्यांच्या तिजोरीची किल्ली वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या कमरेला राहिली. हे कसं साधलं ते समजून घ्यायचं, तर युद्धनौकांच्या आधी जमाखर्चाची वही उघडावी लागते.

सुरुवात जकातीपासूनच का झाली? त्या काळी कॅरिबियन देशांत प्राप्तिकर जवळजवळ नव्हता. डोंगराळ मुलखात रस्ते नव्हते, जमिनीच्या नोंदी अपुऱ्या होत्या, त्यामुळे गावोगाव फिरून सारा वसूल करणं सरकारांना झेपत नसे. सरकारचं बहुतेक सगळं उत्पन्न आयात-निर्यातीवरच्या करातून येई. हैतीत कॉफीवरचा निर्यात कर हा मोठा आधार होता. डोंगरात दोन-चार एकरांवर कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला कर गोळा करणारा माणूस कधी दिसत नसे. पण बंदरावरचा व्यापारी भाव देतानाच कराची रक्कम त्यातून कापून घेई, म्हणजे कर शेवटी तोच भरत होता. आणि हा सगळा पैसा जमा होई तो समुद्रकाठच्या हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या इमारतींमध्ये. देशाचा अंतर्भाग ताब्यात घ्यायला सैन्य लागतं, रसद लागते, वर्षं लागतात. बंदर मात्र युद्धनौकेच्या तोफेच्या टप्प्यातच असतं.

हे स्थानिक बंडखोरांनाही ठाऊक होतं. बंड करायचं तर आधी एखादं बंदर गाठायचं, तिथलं जकातघर घ्यायचं, त्या पैशावर माणसं आणि बंदुका जमवून राजधानीकडे निघायचं, ही तिथली जुनी रीत. म्हणूनच अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटे: जकातघर बंडखोरांच्या आवाक्याबाहेर काढा, म्हणजे बंडंच थांबतील.

पण परक्याने आत शिरायला निमित्त लागतं, आणि ते कर्जाने दिलं. डॉमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा उलिसेस उरो याने युरोपात कर्जरोखे विकून भरमसाट कर्ज उचललं. १८९३ पासून या कर्जाचा कारभार न्यूयॉर्कच्या सान डोमिंगो इंप्रूव्हमेंट कंपनीकडे होता. १८९९ मध्ये उरोचा खून झाला. मागे राहिलं ते दिवाळखोर सरकार आणि फ्रान्स, बेल्जियम, इटली, जर्मनी असे दारात उभे असलेले धनको. तेवढ्यात शेजारी एक धडा घडला. डिसेंबर १९०२ मध्ये जर्मनी, ब्रिटन आणि इटली यांनी कर्जवसुलीसाठी व्हेनेझुएलाच्या बंदरांची नाकेबंदी केली. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं आणि फेब्रुवारी १९०४ मध्ये निकाल लागला, की नाकेबंदी करणाऱ्या देशांची देणी आधी फेडावीत. जबरदस्ती करणाऱ्याला रांगेत पुढची जागा! या निकालाने युरोपच्या इतर धनकोंना काय सुचवलं असेल ते वेगळं सांगायला नको. वॉशिंग्टनमध्ये त्याची धास्ती घेतली गेली.

डिसेंबर १९०४ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात आपली भूमिका मांडली. युरोपने अमेरिका खंडात नव्याने हात घालू नये, असं १८२३ चं मन्रो धोरण सांगत होतं. रूझवेल्टनी त्याला जोड दिली, की या भागातला एखादा देश वारंवार गैरवागणूक करू लागला, तर तिथे पोलिसाचं काम अमेरिकेला करावं लागेल. युरोपला दूर ठेवायचं तर युरोपची वसुली आपणच करून द्यायची, असा त्याचा व्यवहारी अर्थ. त्यातूनच डॉमिनिकन सरकारशी जकातवसुलीचा करार झाला. सिनेटने तो मंजूर केला नाही, तेव्हा रूझवेल्टनी तो तात्पुरती व्यवस्था म्हणून सिनेटच्या मंजुरीविनाच अंमलात आणला. जमलेल्या जकातीतले ४५ टक्के डॉमिनिकन सरकारला, बाकीचे ५५ टक्के खर्च आणि धनकोंसाठी बाजूला. १९०७ मध्ये सिनेटने मंजूर केलेला रीतसर तह झाला आणि ही व्यवस्था पक्की बसली.

हा १९०७ चा तह सावकाश वाचावा असा आहे. आधी जुनी देणी तपासली गेली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ जेकब हॉलंडर यांनी फुगवलेले दावे छाटून रक्कम सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरवर आणली. मग ती फेडायला न्यूयॉर्कच्या कून, लोब अँड कंपनीमार्फत २ कोटी डॉलरचं नवं कर्ज काढलं. अनेक देशांतले विखुरलेले धनको गेले, त्यांच्या जागी एक अमेरिकन कर्ज आलं. हे कर्ज फिटेपर्यंत जकात वसूल करणारा जनरल रिसीव्हर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष नेमणार आणि त्याला लागेल ते संरक्षण अमेरिका देणार. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला १ लाख डॉलर कर्जखात्यात गेलेच पाहिजेत. वर्षाची वसुली ३० लाख डॉलरच्या वर गेली, तर वरच्या रकमेतला निम्मा भागही कर्जफेडीच्या निधीतच. आणि कर्ज पूर्ण फिटेपर्यंत अमेरिकेच्या संमतीशिवाय डॉमिनिकन सरकारने नवं कर्ज काढायचं नाही.

या सगळ्यात निर्णायक गोष्ट म्हणजे पैसा वाटण्याचा क्रम. आधी वसुली करणाऱ्यांचा खर्च, मग व्याज, मग मुद्दलाची फेड, आणि उरलं तर देशाचं सरकार. दुकान तुमचं, माल तुमचा, गिऱ्हाईकही तुमचं, पण गल्ल्यावर सावकाराचा माणूस बसलेला. शिक्षकाचा पगार, पूल, दवाखाना हे सगळं शेवटच्या ओळीत. ज्या सरकारला स्वतःच्या उत्पन्नातला पहिला पैसा कशावर खर्चायचा हे ठरवता येत नाही, त्याच्याकडे सार्वभौमत्वाचं नाव उरतं, व्यवहार उरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

या व्यवस्थेचे फायदे झाले नाहीत, असं म्हणणं खोटं ठरेल. जकातघरातली चोरी घटली आणि वसुली वाढली. आधी शंभर टक्क्यांतून मिळायचं त्यापेक्षा आता सरकारच्या हाती जास्त पैसा येतो, असा रूझवेल्टचा दावा होता. राष्ट्राध्यक्ष रामोन कासेरेस यांच्या काळात काही वर्षं शांतताही नांदली. पण नोव्हेंबर १९११ मध्ये कासेरेसची हत्या झाली आणि बंडं पुन्हा सुरू झाली. जकातघर बाजूला काढलं तरी सत्तेसाठीची भांडणं संपली नाहीत.

मग यंत्रणेची दुसरी बाजू दिसली. १९१६ मध्ये फ्रान्सिस्को एन्रिकेस इ कार्व्हाखाल हे डॉक्टर हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. देशाच्या वित्त खात्यावर अमेरिकन नियंत्रण आणि अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हाताखाली नवं सशस्त्र दल, या वॉशिंग्टनच्या मागण्या त्यांनी नाकारल्या. ऑगस्टपासून रिसीव्हरने सरकारला पैसे देणं बंद केलं. कर्मचाऱ्यांचे पगार थांबले. मरीन सैनिक तोवर देशात उतरलेलेच होते. तरीही एन्रिकेस बधले नाहीत, तेव्हा २९ नोव्हेंबर १९१६ रोजी कॅप्टन हॅरी नॅप यांनी लष्करी सरकार जाहीर केलं. ते १९२४ पर्यंत टिकलं. त्यासाठी पुढे केलेलं कारण १९०७ च्या तहातलंच होतं: संमतीशिवाय कर्ज वाढवलं. पगार थकवून, उधारीवर दिवस काढून सरकारच्या डोक्यावर अंतर्गत देणी साचली होती, तीच तहाचा भंग ठरवली गेली.

त्याच बेटाच्या पश्चिमेला हैतीत हीच पद्धत जास्त खोल आणि जास्त निष्ठुरपणे राबवली गेली. हैतीच्या कर्जाचा उगमच विलक्षण आहे. गुलामांनी बंड करून, नेपोलियनच्या फौजेला हरवून १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्सने युद्धनौका पाठवून मान्यतेची किंमत मागितली: १५ कोटी फ्रँक, गमावलेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून. त्या मालमत्तेत मळे होते आणि माणसंही होती. म्हणजे मुक्त झालेल्यांनी आपल्या मुक्ततेचे पैसे आपल्या जुन्या मालकांना द्यायचे. पहिला हप्ता द्यायला पॅरिसमध्येच कर्ज काढावं लागलं. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली, पण तोवर कर्ज फेडायला कर्ज ही गाठ पक्की बसली होती. अमेरिकेने तर हैतीला मान्यता द्यायलाच १८६२ पर्यंत वेळ लावला. आपल्याकडे गुलामी असताना गुलामांनी उभारलेल्या राज्याचा वकील राजधानीत नको, हे दक्षिणेतल्या राज्यांचं म्हणणं त्यामागे होतं.

हैतीची राष्ट्रीय बँक नावापुरती राष्ट्रीय होती. १८८० मध्ये ती पॅरिसच्या भांडवलावर उभी राहिली. १९१० मध्ये तिची पुनर्रचना झाली, तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री फिलँडर नॉक्स यांच्या आग्रहामुळे नॅशनल सिटी बँक आणि इतर अमेरिकन बँकांना त्यात हिस्सा मिळाला. राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्या काळातल्या या धोरणाला ‘डॉलर डिप्लोमसी’ म्हणत. सरकारी उत्पन्न या बँकेत जमा होई आणि बँक सरकारला खर्चासाठी दरमहा आगाऊ रक्कम देई. १९१४ मध्ये बँकेने ही आगाऊ रक्कम द्यायचं नाकारलं. १७ डिसेंबरला ‘मचायस’ या युद्धनौकेवरचे मरीन सैनिक पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये उतरले, त्यांनी बँकेतून ५ लाख डॉलरचं सोनं उचललं आणि ते न्यूयॉर्कला रवाना झालं. कागदी चलन मागे घेण्यासाठी राखून ठेवलेला हा पैसा होता. हैतीने निषेध नोंदवला. सोनं परत आलं नाही. हे सगळं घडलं तेव्हा देशाचा ताबा घेण्याला अजून सात महिने अवकाश होता, हे लक्षात ठेवावं.

पुढच्या जुलैत राष्ट्राध्यक्ष व्हिल्ब्रँ गीयोम सॅम यांच्या राजवटीत तुरुंगातल्या १६७ राजकीय कैद्यांची कत्तल झाली. दुसऱ्या दिवशी, २८ जुलै १९१५ ला, खवळलेल्या जमावाने फ्रेंच वकिलातीत लपलेल्या सॅमला बाहेर ओढून मारलं. त्याच दिवशी रिअर अ‍ॅडमिरल विल्यम केपर्टन यांच्या ‘वॉशिंग्टन’ जहाजावरून मरीन उतरले. सुव्यवस्था आणि परकीयांचं रक्षण हे कारण सांगितलं गेलं. जर्मनीला तिथे पाय रोवू द्यायचा नाही, ही काळजीही होती. वर्षभरापूर्वीच पनामा कालवा खुला झाला होता आणि त्याकडे जाणारी समुद्रवाट हैतीला लागूनच जाते. १२ ऑगस्टला अमेरिकेला चालणारे दार्तिगेनाव्ह राष्ट्राध्यक्षपदी निवडले गेले, आणि तहाची वाट न पाहता मुख्य बंदरांतली जकातघरं केपर्टनने ताब्यात घेतली.

हा क्रम मुद्दाम पाहावा. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये करार आधी आणि सैन्य नंतर आलं. इथे सैन्य आलं, मग जकात घेतली, आणि मग १६ सप्टेंबरला तहावर सह्या झाल्या. सरकारकडे पगाराला पैसा नव्हता. तहाला संसदेची मान्यता मिळाली की पैसा सुटेल, हे सांगितलं गेलं. नोव्हेंबरमध्ये मान्यता मिळाली.

तहाचं पाचवं कलम म्हणजे या यंत्राचा गाभा. जकातीतून आधी रिसीव्हर आणि वित्त सल्लागार यांचे पगार व खर्च, मग कर्जाचं व्याज आणि फेड, मग जांदार्मरी या नव्या सशस्त्र दलाचा खर्च, आणि शेवटी उरेल ते हैती सरकारला. रिसीव्हर आणि सल्लागार या दोघांनाही अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष सुचवणार, जांदार्मरीचे अधिकारीही अमेरिकन. वसुली, सल्ला आणि बंदूक असे तिन्ही धागे एका हातात, आणि तिन्हींचा खर्च हैतीच्याच कॉफीतून. अमेरिकन करदात्याला या नागरी व्यवस्थेचा बोजा फारसा जाणवत नव्हता. त्यामुळेच ती इतकी वर्षं टिकली, असं मला वाटतं.

एकदा ही पकड बसली की बाकीचे अडथळे एकेक करून दूर करता आले. स्वतंत्र हैतीचा पहिला शासक देसालिन याच्या काळापासून हैतीच्या राज्यघटनेत परकीयांना जमीन घ्यायला बंदी होती. गुलामीतून सुटलेल्यांच्या मनात तिचं मोल काय होतं, हे समजायला अवघड नाही. १९१७ मध्ये संसदेने ही बंदी उठवायला नकार दिला. जांदार्मरीचा प्रमुख स्मेडली बटलर याने संसद बरखास्तीचा हुकूम अंमलात आणला. पुढच्या वर्षी नव्या घटनेवर जनमत घेतलं गेलं: बाजूने ९८,२२५ मतं, विरोधात ७६८. बंदुकधारी जांदार्मच्या देखरेखीखाली झालेल्या या मतदानाला जनमत म्हणायला माझी जीभ रेटत नाही. याच बटलरने निवृत्तीनंतर, १९३५ मध्ये, उघडपणे लिहिलं की नॅशनल सिटी बँकेला हैती आणि क्यूबात निर्धास्तपणे पैसा गोळा करता यावा, यासाठी आपण राबलो.

रस्ते बांधायला १८६४ चा एक जुना कायदा उकरून काढला आणि शेतकऱ्यांना वेठीला धरलं. माणसांना दोरीने बांधून कामावर नेल्याच्या हकीकती नंतर चौकशीत पुढे आल्या. त्यातून एंश गावचा माजी लष्करी अधिकारी शार्लमान्य पेराल्त याच्या नेतृत्वाखाली बंड पेटलं. १९१९ च्या ऑक्टोबरअखेर त्याला फितुरीने गाठून मारलं. दहशत बसावी म्हणून त्याचं प्रेत एका दाराला बांधून त्याचा फोटो वाटला. लोकांना त्यात क्रूसावरचा येशू दिसला आणि पेराल्त घराघरांत पोचला. मरीन दलाच्या प्रमुखाने १९२० मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार पाच वर्षांत ३,२५० हैतीवासी मारले गेले होते. त्याच वर्षी कृष्णवर्णीय लेखक जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी हैतीत जाऊन ‘द नेशन’मध्ये लेखमाला लिहिली. या साऱ्या व्यवहारात बँकेचा हात कुठे कुठे आहे, ते त्यांनी अमेरिकन वाचकांना दाखवलं.

१९२० च्या उन्हाळ्यातला एक प्रसंग मात्र साऱ्या यंत्रणेचं मर्म उघडं करतो. तोवर दार्तिगेनाव्हही कुरकुरू लागले होते. अमेरिकेला हवे असलेले कायदे आणि बँकेचा नवा करार त्यांचं सरकार मंजूर करीना. वित्त सल्लागार जॉन मॅकिल्हेनी हे तबास्को सॉस बनवणाऱ्या कुटुंबातले गृहस्थ. त्यांनी अर्थसंकल्पाची चर्चा थांबवली आणि राष्ट्राध्यक्ष, मंत्री आणि राज्य परिषदेचे सभासद यांचे पगार रोखले. देशाच्या प्रमुखाचा महिन्याचा पगार एक परदेशी अधिकारी अडवू शकत होता, तेही कोणताही कायदा न मोडता, कारण तहाने त्याला पैशाच्या वाटेवर बसवलेलं होतं.

मग आलं १९२२ चं कर्ज: १ कोटी ६० लाख डॉलर, व्याज ६ टक्के, मुदत तीस वर्षं, रोखे घेतले नॅशनल सिटी बँकेने. हैतीच्या राष्ट्रीय बँकेची मालकीही तोवर तिच्याकडेच आली होती. फ्रँकची किंमत घसरलेली असल्याने जुनी फ्रेंच देणी स्वस्तात फिटली, हा त्यातला खरा लाभ. पण या कर्जाच्या अटींत, रोखे फिटेपर्यंत जकातीवरचं नियंत्रण चालू राहील, असं होतं. मूळ तह १९३६ मध्ये संपणार होता, रोखे १९५२ पर्यंतचे होते. म्हणजे तह संपला तरी कर्ज ताब्याला जिवंत ठेवणार होतं.

कॉफीला भाव होता त्या वर्षांत अमेरिकन सल्लागारांनी कर्जफेड ठरल्यापेक्षा पुढे नेली. हिशेबाच्या दृष्टीने हे शहाणपणाचं दिसतं. पण शाळा अपुऱ्या, शेतीला पाणी नाही आणि निर्यात कर तसाच, अशा देशात मुदतीआधी धनकोचे पैसे भरणं कोणाच्या सोयीचं होतं? १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी पाठवलेल्या फोर्ब्स आयोगानेही हीच शंका घेतली. कर, विशेषतः निर्यात कर कमी करून कर्ज आपल्या मुदतीत फिटू दिलं असतं तर कदाचित बरं झालं असतं, असं त्यांच्या अहवालात आहे. आयोग यायचं कारणही पैशाशीच जोडलेलं होतं. दारू आणि तंबाखूवर नवे कर बसले होते, कॉफी घसरली होती, विद्यार्थ्यांचा संप पसरला होता आणि ६ डिसेंबर १९२९ रोजी ले काय शहराजवळ मार्शातेर इथे मरीननी शेतकऱ्यांच्या जमावावर गोळ्या झाडल्या. किमान १२ जण मेले.

ऑगस्ट १९३४ मध्ये शेवटचे मरीन हैती सोडून गेले. जकातीवर देखरेख करणारा अमेरिकन अधिकारी मात्र राहिला. पुढच्या वर्षी हैतीने राष्ट्रीय बँक विकत घेतली, १९४१ मध्ये त्या अधिकाऱ्याचं पद रद्द झालं आणि त्याचं काम बँकेकडे गेलं. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये रिसीव्हरची व्यवस्था १९४० च्या तहाने संपली. त्या तहाचं श्रेय मिरवलं राफाएल त्रुहियो याने. अमेरिकन ताब्याच्या काळात उभ्या केलेल्या नॅशनल गार्डमध्ये तयार होऊन वर चढलेला हा माणूस १९३० पासून देश हुकूमशाहीने चालवत होता. उरलेलं परदेशी कर्ज त्याने १९४७ मध्ये फेडलं. त्याच वर्षी हैतीत राष्ट्राध्यक्ष द्युमार्से एस्तिमे यांनी देशांतर्गत रोखे काढले, लोकांनी ते घेतले आणि त्या पैशातून १९२२ च्या कर्जाची बाकी मुदतीच्या पाच वर्षं आधी चुकती झाली. जकातीच्या उत्पन्नावरचा परका हक्क तिथे संपला, मरीन गेल्यानंतर तेरा वर्षांनी.